ट्रकची आंघोळ

निवृत्तीनंतर फंडाचे पैसे आले आणि मेहुण्याबरोबर भागीत मी एक जुना दहा टायरी ट्रक घेतला. भागीचे नियम सोपे आहेत. नफा निम्मा-निम्मा, बिघाड माझा.

परवा कराडहून मार्केट यार्डात गूळ आणताना खंबाटकीच्या चढावर तापमानाचा काटा लालात गेला. ड्रायव्हरमामा जुने, जाणते. थांबत, गार करत त्यांनी गाडी कात्रजच्या गॅरेजला आणून लावली आणि मला फोन केला, "काका, रेडिएटरमध्ये चहा झालाय!"

जाऊन पाहतो तर खरंच अमृततुल्य. वर जाड साय, फक्त वेलदोडा घालायचा राहिलेला.

टपरीवरच्या तिघांनी एकमताने हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या डोक्याखालचं सील, गेल्याचं जाहीर केलं. मेहुण्याने नाशिकहून फोनवरच इंजिन उतरवलं. मिस्त्री मात्र बोलेनात. त्यांनी डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं ऑइल बघायची पट्टी, ओढली आणि आमची ही लाडवाचा पाक बघते तसं ऑइल दोन बोटांत धरून ताणलं. "पाण्यात तेल आहे, तेलात पाणी नाही," एवढंच म्हणाले. मग गार इंजिनचं झाकण काढून गाडी चालू केली आणि आम्ही सगळे रेडिएटरच्या तोंडात बघत उभे राहिलो. गॅस्केट गेलं असतं तर सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसून बुडबुडे आले असते म्हणे. दहा मिनिटं झाली. उतू जाणाऱ्या दुधावरही मी कधी इतकं लक्ष ठेवलेलं नाही. एक बुडबुडा येईना.

"ऑइल कूलर," मिस्त्री म्हणाले.

ऑइल गार करायला पंखा असेल, अशी माझी समजूत. तसं नसतं. एकाच खोक्यातून ऑइल आणि कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, शेजारी-शेजारी वाहतात, पेठेतल्या वाड्यातल्या दोन बिऱ्हाडांसारखे, मधे पातळ पत्र्याची भिंत. भिंतीला भोक पडलं की ज्याचा जोर जास्त तो पलीकडे. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्यापेक्षा बराच मोठा, म्हणून तेल पाण्यात. गाडी बंद केली की ऑइलचा जोर संपतो, गरम पाण्याचा उरतो, आणि मग पाणी तेलात शिरायला लागतं. "ते झालं असतं तर बेअरिंगं गेली होती. वेळेत आलात."

कूलर उतरवला, एक बाजू बंद केली, हवा भरली आणि पंक्चरवाल्यासारखा घमेल्यात बुडवला. बुळबुळ, बुळबुळ. आता मात्र बुडबुडेच बुडबुडे.

"कूलंट कुठलं घालता?"

ड्रायव्हरमामा आभाळाकडे बघू लागले. मीही. कूलंट महाग, म्हणून दोन वर्षं आम्ही सोसायटीच्या बोअरचं पाणी घालत होतो. क्षार आणि गंज यांनी भिंत खाल्ली होती.

नवा कूलर नाना पेठेत मिळाला. तेलाने फुगून मऊ पडलेले रबरी होजही बदलावे लागले. पण खरं काम पुढेच होतं. वीस-पंचवीस लिटरचं पोट आतून धुवायचं! इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा थर्मोस्टॅट काढला, म्हणजे पाणी सगळीकडे फिरेल. मी उत्साहाने भांडी घासायचं लिक्विड ओतलं. गाडी चालू करताच रेडिएटरच्या तोंडातून असा फेस उसळला की मिस्त्रींचा हेल्पर अंगणात पाय घसरून बसला.

"काका, कमी फेसाची हवी. पुढून दार असलेल्या मशीनची पावडर."

ती आमच्याकडे होती. म्हणजे हिच्याकडे होती. ही भिशीला गेली होती, तेव्हा परवानगीचा प्रश्न आला नाही.

गरम पाणी, पावडर, गाडी चालू, थोडं गार, निचरा, पुन्हा तेच. मैला ड्रममध्ये, गटारात एक थेंब नाही. पहिल्या धुण्यात चहा, तिसऱ्यात ताक, सहाव्यात तांदळाचं धुवण. नवव्यात पाणी इतकं नितळ आलं की मिस्त्री हसले, आणि ते फुकट हसत नाहीत, हे बिलावरून कळलं. मग थर्मोस्टॅट बसवून निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी.

संध्याकाळी मामांचा फोन, "काका, कात्रज चढलो. काटा मध्यावर."

घरी मशीन उघडं, ही पावडरचा रिकामा डबा हातात घेऊन उभी.

"ट्रक धुतला ना? मग तुमचे शर्ट आता तिथेच नेऊन द्या."