केमो सोडली, केस आले… आणि गाठ?

स्तनाचा कॅन्सर झालेल्या एका बाईंनी चार केमोनंतर उपचार सोडले, परदेशातल्या एका 'नैसर्गिक' केंद्रात तीन आठवडे राहिल्या आणि कॅन्सरमुक्त होऊन परतल्या, असा एक मेसेज जोरात फिरतोय. खाली चार-पाच दावे आणि दोन फोटो. पहिल्यात डोक्याला रुमाल, डोळे खोल गेलेले. दुसऱ्यात बोटभर केस, चेहऱ्यावर तजेला, हातात हिरव्या रसाचा ग्लास.

आधी फोटोच घेऊ, कारण लोक मेसेज पुढे ढकलतात ते फोटो बघून. केमो भराभर वाढणाऱ्या पेशींना मारते. त्यात कॅन्सरबरोबर केसांची मुळं, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तरही भरडलं जातं. औषध थांबलं की हे सगळं आपोआप सावरतं: मळमळ जाते, तोंडाला चव येते, भूक लागते, केस उगवतात. रसाचा थेंब न घेताही हे झालं असतं. (केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, तेव्हा हा दुसरा फोटो तीन आठवड्यांनंतरचा नाही, हेही उघड आहे.) फोटोवरून इतकंच कळतं की केमो बंद झाली. गाठीचं काय झालं ते स्कॅनवरून कळेल, आणि तो मेसेजमध्ये नाही.

शिवाय मधेच एक ओळ आहे: 'ऑपरेशननंतर चार केमो झाल्या.' म्हणजे गाठ सर्जननं आधीच काढली होती! अशा वेळी केमो देतात ती कुठेतरी लपून राहिलेल्या पेशींसाठी, आजार उलटू नये म्हणून. बाई आज ठणठणीत असतील तर आनंदच आहे, पण मग श्रेय सर्जनला आणि त्या चार केमोंना द्या. स्तनाचा कॅन्सर काही जणींत कित्येक वर्षांनी उलटतो, त्यामुळे 'मुक्त' म्हणण्याची घाईही नकोच.

'केमोचा उपयोग फक्त 2 टक्के.' हा आकडा 2004 सालच्या एका ऑस्ट्रेलियन शोधनिबंधातून उचललाय. त्यात प्रौढांच्या 22 कॅन्सरांचे सगळे नवे रुग्ण एकत्र मोजले होते. ज्यांना केमोची गरजच नव्हती, ज्यांचं ऑपरेशनवर भागलं, तेही. ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर), जिथे केमो हाच मुख्य उपचार, तो वगळला होता. पोहायला न गेलेल्यांनाही धरून पोहण्याचे फायदे मोजावेत, तसं हे. मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात 1960च्या सुमारास जेमतेम कुणी वाचायचं. आज चांगले उपचार मिळतात तिथे दहातली नऊ मुलं वाचतात, आणि ती मुख्यतः केमोवरच.

'निसर्गातलं औषध कंपन्या दाबून ठेवतात.' त्या ल्युकेमियावरचं व्हिन्क्रिस्टीन सदाफुलीतून येतं. आर्सेनिक, म्हणजे सोमल, चीनमधल्या पारंपरिक वापरातून आलं आणि ल्युकेमियाच्या एका प्रकारावर आज ते प्रमाणित औषध आहे. ही औषधं तपासली, उपयोगी ठरली, घेतली. जर्दाळूच्या बियांपासून बनवलेलं लेट्राइलही तपासलं. 1982 साली 178 रुग्णांवरच्या अभ्यासाचा निकाल लागला: फायदा नाही, काहींच्या रक्तात मात्र सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ गेलेलं.

अशा केंद्रांतले रस, एन्झाइमच्या गोळ्या आणि कॉफीचा एनिमा यांचीही केमोशी थेट तुलना झालीय. स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या 55 रुग्णांनी आपला मार्ग स्वतः निवडला. केमोवाल्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले, निम्मे कमी) 14 महिने निघालं, दुसऱ्या गटाचं 4.3. चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते, ही त्यातली उणीव. तरी फरक बघा. आणि केमोनं हाल होतात म्हणतात ना? जगण्याचा दर्जाही केमोवाल्यांचाच बरा होता.

'परदेशात याला सरकारी परवाना आहे.' असू शकतो. प्रश्न आहे, कशाचा? जर्मनीत डॉक्टरकीची पदवी नसलेल्या 'हाइलप्राक्टिकर'लाही उपचाराचा परवाना मिळतो. 2016 साली ब्रुगेन गावातल्या अशाच एका केंद्रात, औषध म्हणून मान्यता नसलेलं 3-ब्रोमोपायरुव्हेट दिल्यानंतर तीन रुग्ण दगावले. नेदरलँड्स-बेल्जियमहून माणसं तिथे जात असत. चालकाला 2019 मध्ये निष्काळजीपणे मृत्यूस कारण ठरल्याबद्दल दोषी धरलं; शिक्षा झाली तीही स्थगित.

'बरे झालेले शेकडो लोक खोटं बोलतात का?' नाही. पण जे गेले ते मेसेज पाठवत नाहीत. 2018च्या एका अमेरिकी अभ्यासात फक्त पर्यायी उपचार घेणारे 281 रुग्ण प्रमाणित उपचार घेणाऱ्यांशी ताडून पाहिले. पर्यायीवाल्यांच्या मृत्यूचा धोका अडीच पट निघाला, स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाचपटीहून जास्त.

एक गोष्ट मात्र मेसेजमध्ये खरी आहे: केमो असह्य होऊ शकते, आणि थांबवण्याचा हक्क रुग्णाचाच. पण आधी डॉक्टरांना तोंडावर सांगा, 'मला सोसत नाही.' डोस कमी करता येतो, मधलं अंतर वाढवता येतं, उलटीवरचं औषध बदलता येतं. आणि थांबायचंच ठरलं तरी विमान हा एकच रस्ता उरत नाही. 2010 साली पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या 151 रुग्णांचा अभ्यास आला. ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर (वेदना आणि त्रास कमी करणारी काळजी) मिळाली, त्यांनी शेवटच्या दिवसांत आक्रमक उपचार कमी घेतले, मनानं ते बरे राहिले, आणि जगले मध्यक 11.6 महिने, बाकीचे 8.9.