स्टँडची स्प्रिंग आणि भेदनीती

जुनी मोटरसायकल नव्याने बांधायची म्हटली की इंजिन अवघड, वायरिंग किचकट आणि रंगकाम खर्चिक, असं जो तो बजावतो. गाडी उभी राहते ती स्टँडवर, आणि स्टँड जागेवर राहतो तो वीतभर लांबीच्या एका स्प्रिंगच्या कृपेने, हे मात्र कोणी बोलत नाही. इंजिन माणसाला नुसतं दमवतं. स्प्रिंग त्याची शोभा करते.

तिचा हिशेब आधी बघा. वेढे एकमेकांना चिकटलेले, दोन्ही टोकांना आकडे: एक फ्रेमवरच्या खुंटीत अडकवायचा, दुसरा स्टँडवरच्या. समजा, एक मिलिमीटर ताणायला १० न्यूटन लागतात आणि आकडा खुंटीवर चढायला २५ मिलिमीटर कमी पडताहेत. झाले २५० न्यूटन, म्हणजे साधारण २५ किलोचा जोर. वेढे घट्ट वळलेले असल्यामुळे ते सुटे व्हायलाच जो जोर लागतो तो वेगळा. २५ किलोचं पोतं बरेच जण उचलतील. पण तोच जोर जमिनीवर कुशीवर पडून, सायलेन्सरच्या मागून, दोन बोटं मावतील एवढ्या फटीत लावायचा, आणि वर आकडा खुंटीच्या खाचेसमोर नेमका धरायचा, ही कसरत निराळी.

सुरुवात सगळे पकडीने करतात. मीही त्याच पंगतीतला. पकड आकड्यावर छान बसते, स्प्रिंग अर्धीअधिक ताणते आणि मग पकड सुटते. स्प्रिंग कुठल्याही दिशेला जाईल, बोटांची पेरं मात्र न चुकता फ्रेमवरच आपटतात. पकडीनंतर पाळी पेचकसाची: टोक आकड्यात, दांडा फ्रेमवर टेकवून तरफ. ही दंडनीती. तिच्यात आकडा चढो न चढो, ताज्या पावडर कोटिंगचा टवका हमखास उडतो. म्हणून तरफेखाली जुन्या ट्यूबचा तुकडा, स्प्रिंगभोवती जाड फडकं, हातात मोजे आणि डोळ्यांवर चष्मा. तोंड स्प्रिंगच्या रेषेत आणायचं नाही. एवढं वाक्य हसण्यावारी नेऊ नका.

दंडाआधी साम करून पाहावा, म्हणजे स्प्रिंगला तिच्या सोयीने घ्यावं. स्टँड फिरताना स्प्रिंगची रेषा पिव्होटच्या, म्हणजे स्टँड ज्या आसावर फिरतो त्याच्या, एका बाजूकडून दुसरीकडे जाते. त्यामुळेच ती स्टँड वरही धरून ठेवते आणि खालीही. मधल्या वाटेवर तिला सर्वांत जास्त ताण असतो. तेव्हा नुसता स्टँड बसवून, तो पूर्ण वर आणि पूर्ण खाली असताना दोन खुंट्यांमधलं अंतर फूटपट्टीने मोजायचं आणि जिथे कमी भरेल तिथेच स्प्रिंग चढवायची. हे न मोजता कितीएक जण गाडी डबल स्टँडवर लावतात आणि खाली झोपून स्प्रिंग ओढत बसतात. स्टँडवर गाडीचं ओझं, तो हलणार कसा? फ्रेमखाली ठोकळे देऊन स्टँड मोकळा झुलता ठेवायला हवा.

एका बोल्टवर फिरणाऱ्या साइड स्टँडला सोपी युक्ती चालते. बोल्ट काढून दोन्ही आकडे सैल असतानाच अडकवायचे, मग स्टँडचीच तरफ करून तो जागेवर रेटायचा. भोकं जुळली का ते निमुळत्या पंचने बघायचं. बोटाने बघणाऱ्याला ती जुळल्याचं फार लवकर कळतं.

दोरीही चांगली. चार-पाच मिलिमीटरची मजबूत नायलॉन दोरी आकड्यातून दुहेरी ओवायची, दोन्ही टोकं लाकडी दांडक्याला बांधायची आणि स्प्रिंगच्याच रेषेत ओढायचं. आकड्यापाशी गाठ मारायची नाही. नाहीतर आकडा खुंटीवर बसतो आणि दोरीही कायमची तिथेच राहते.

पण माझं मत विचाराल तर भेदनीतीला तोड नाही. स्प्रिंगचं एक टोक व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शिकंज्यात, धरायचं, ती एका बाजूला वाकवायची आणि उघडलेल्या प्रत्येक फटीत एकेक वॉशर सारायचा. आठ एमएमच्या बोल्टचा साधा वॉशर १.६ मिलिमीटर जाड असतो. इथे एक गोम आहे: वॉशर एकाच बाजूला भरले तर स्प्रिंगचं केळं होतं आणि मध्यरेषेवर लांबी निम्मीच वाढते. म्हणून मग उलटीकडे वाकवून दुसरी बाजूही भरायची. १६ फटींत दोन्हीकडून मिळून ३२ वॉशर, वाढ २५.६ मिलिमीटर. आता आकडा हाताने खुंटीवर जातो. स्टँड एकदा मधल्या जास्त ताणाच्या जागेवरून फिरवला की फटी रुंदावतात आणि वॉशर खाली गळतात.

हे सगळं उघड्या फ्रेमवर, ती उलटी ठेवून, इंजिन चढवण्याआधीच उरकलेलं बरं. कुठलं टोक वर होतं याचा फोटो गाडी सोडतानाच काढून ठेवा, कारण उलटी लावलेली स्प्रिंग चेनला किंवा सायलेन्सरला घासू शकते. आकड्याची आतली बाजू झिजून बारीक झाली असेल तर मोह आवरा आणि नवी घ्या. ही झाली दामनीती. चालत्या गाडीत डावीकडचा साइड स्टँड खाली आला, तर डाव्या वळणावर तो रस्त्याला टेकून गाडी उलथवू शकतो.

आणि हौसेने जुन्या स्प्रिंगला क्रोम करू नका. ॲसिडच्या धुण्यात आणि मुलाम्यात हायड्रोजन पोलादात शिरतो आणि कडक पोलाद ठिसूळ करतो. मुलाम्यानंतर लगेच साधारण २०० अंश सेल्सियसला काही तास भाजलं नाही, तर चकचकीत स्प्रिंग ताण बसताच कटकन तुटू शकते. काळा रंग तिला शोभून दिसतो.

खुंट्यांना आणि पिव्होटला ग्रीस लावा, आणि वॉशर मोजा. ३२ घातले आणि ३१ मिळाले, तर बत्तिसावा कुठल्या तरी वेढ्यात दबा धरून बसलेला असतो. पहिल्याच खड्ड्यात तो ‘टण्’ करतो, आणि त्या आवाजाचा छडा लावायला नुकतंच बांधलेलं इंजिन पुन्हा उघडलं जातं.