चेटकिणीच्या नावावरचे घर

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे वेंगुर्ल्याला वीज एकदा गेली की तासन्‌तास येत नसे. त्या अंधाऱ्या दुपारी मोबाइलची बॅटरी जपत मी एकामागून एक चेटकिणींच्या प्रेमकादंबऱ्या वाचल्या. इंग्रजीत या प्रकाराला ‘कोझी’ म्हणतात, मी उबदार म्हणते. लहानसे गाव, औषधी पाल्याचे किंवा पुस्तकांचे दुकान, खिडकीत मांजर, चुलीवर काहीतरी रटरटत असलेले आणि सावकाश जवळ येणारी दोन माणसे. या गोष्टींत जग वाचवायचे नसते, फार तर एखादे दुकान वाचवायचे असते किंवा एखाद्या लहान मुलीला तिची जादू आवरायला शिकवायचे असते. शेवट गोड होणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असते. असले वाचून तुला काय मिळते, असे दोन मैत्रिणींनी मला मनापासून विचारले, म्हणून मीही मनापासून उत्तर देते आहे.

मी लहान असताना आमच्या वाडीत पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, वरच्या टोकाला एक आजी एकटी राहत असे. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. खोकल्याला अडुळसा, सांधे धरले की निर्गुडीचा पाला आणि पोट बिघडले की कुड्याची साल, हे सारे तिच्याकडून यायचे. ती साल ती सहाणेवर ताकात उगाळून द्यायची, आणि उगाळताना तिचे ओठ हलत असत. ते ओठ हलणेच तिला भोवले. ती मंत्र पुटपुटते असे वाडीने ठरवून टाकले. मी एकदा तिच्या अगदी जवळ बसून ऐकले होते. ती वेढे मोजत होती, कारण साल किती उगाळली हे तिला त्यावरूनच कळायचे. औषध सगळ्यांना तिचेच हवे असायचे, पण पोरांना बजावले जायचे, “तिच्या हातचा काय खाव नको हां!” कोणाची गाय आटली, कोणाच्या सुनेला दिवस गेले नाहीत, की माणसे पाखाडीच्या वरच्या टोकाकडे बघायची.

युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकांत चेटूक केल्याच्या आरोपावरून सुमारे ४० ते ६० हजार माणसांना ठार मारण्यात आले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे, आणि त्यांत बहुसंख्य बायका होत्या. अशाच बाईला, म्हणजे एकटी राहणाऱ्या, झाडपाल्याचे जाणणाऱ्या आणि म्हणून संशयास्पद ठरलेल्या बाईला, या कादंबऱ्या गोष्टीच्या मधोमध बसवतात. कोणीतरी तिच्या घराची वाट चढून येते, तिच्या हातचे खाते आणि उठून जात नाही. मला त्यातली जादू दुय्यम वाटते. ते उठून न जाणे मला मोठे वाटते.

संगू मंदण्णा यांच्या २०२२ साली आलेल्या ‘द व्हेरी सीक्रेट सोसायटी ऑफ इर्रेग्युलर विचेस’ या कादंबरीची नायिका मिका मून भारतात जन्मलेली, पोरकी आणि इंग्लंडमध्ये वाढलेली आहे. चेटकिणींनी सुरक्षित राहायचे असेल तर एकमेकींपासून दूर राहावे, असा नियम तिला लहानपणापासून शिकवलेला असतो, आणि तीन लहान चेटकिणींना शिकवायला ती एका घरात येते तेव्हा तो नियम हळूहळू ढिला होत जातो. ‘एकटी राहा म्हणजे सुरक्षित राहशील’ हे वाक्य आमच्याकडे कोणी उघड म्हणत नाही, पण पाखाडीवरच्या आजीने ते आयुष्यभर पाळले. या प्रकारातल्या चांगल्या कादंबऱ्यांत प्रेम करणारा माणूस बाईला तिची विद्या सोडून दे असे सांगत नाही, आणि लग्नाच्या बोलणीत ‘आमच्याकडे हे चालणार नाही’ हे वाक्य ऐकलेल्या कोणत्याही बाईला ते किती अपूर्व वाटते, हे मी वेगळे सांगायला नको.

अशा पुस्तकांमुळे अंधश्रद्धा वाढते, हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. एखाद्या व्यक्तीला करणी करणारी ठरवून तिला छळणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो कायदा मला प्राणापलीकडे महत्त्वाचा वाटतो. परंतु या कादंबऱ्या आपल्याला करणीवर विश्वास ठेवायला सांगत नाहीत. ज्या बाईची भीती घातली गेली, तिच्या स्वयंपाकघरात बसून दोन घास खायला सांगतात.

यांतल्या अनेक कादंबऱ्या सामान्य असतात. शेवटच्या शंभर पानांत उगाच कोणी दुष्ट शक्ती आणली की सगळी ऊब निघून जाते. आणि घर तर नायिकेला इतक्या सहज मिळते की माझा जीव तिथेच अडकतो. कोणी मावशी वारते आणि किल्ली टपालाने येते! कोकणात एकेका सातबारावर पंधरा-वीस नावे असतात. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्क दिला, तरी कितीतरी बहिणी भावाशी वाईटपणा नको म्हणून हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या होतात. मीही केली आहे. म्हणून झाडूवर बसून उडणारी बाई मला तितकी अद्भुत वाटत नाही, जितकी स्वतःच्या नावावरच्या घरात, कोणालाही न विचारता चहाचे आधण ठेवणारी बाई वाटते.

पाखाडीवरचे ते घर आजीच्या दिरांच्या नावावर होते. ती गेल्यावर कुलूप लागले, पुढे कौले उतरवली गेली, आणि मागचा कुडा तेवढा उन्हाळा सरता सरता अजून पांढरा फुलतो. तिची सहाण मी मागून आणली. मध्यभागी ती बोटभर झिजलेली आहे. परवा तिच्यावर चंदन उगाळायला मुलीला बसवले आणि किती वेढे झाले ते लक्षात ठेव म्हणून सांगितले, तर मान खाली घालून उगाळताना तिचे ओठ हलत होते.