टबातला खंड्या

आबाचा फोटो एव्हाना सगळ्यांनी पाहिलाय. पाहिला नाही असं म्हणायची सोयच त्यानं ठेवलेली नाही. सगळ्या ग्रुपवर टाकून झाला, डीपी झाला, सोसायटीच्या नोटीस बोर्डावर पाणीकपातीच्या कागदाशेजारी लागला. पाण्यातून उसळून वर येणारा छोटा खंड्या, चोचीत मासा, भोवती उडालेले थेंब, मागे सगळं कसं हिरवंगार गुळगुळीत. खाली ओळ : ‘राजाची शिकार’.

शुक्रवारी ठाण्यात, कोपरीच्या कट्ट्यावर आबा लेन्सची बॅग मांडीवर घेऊनच बसला होता. चहा येईपर्यंत कुणीतरी कौतुक करेल म्हणून वाट पाहिली. मग स्वतःच म्हणाला, “शटर एक बाय बत्तीसशेवर ठेवून मारलाय.”

“ते राहू दे,” मंगेश म्हणाला. “टब केवढ्याचा होता?”

मंगेश चेंदणी कोळीवाड्यातला. बापाची होडी होती, हा जीएसटीचे रिटर्न भरतो. मी त्याच्या बाजूचा आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी आबावर अन्याय केला असं वाटलं तरी चालेल.

“कसला टब?” आबा.

“काळा. जमिनीत पुरलेला. वर काठी रोवलेली. त्या काठीवर फोकस लावून तुम्ही सगळे जाळीमागे खुर्च्या टाकून बसलेले. माणशी भाडं. आतले मासेपण त्यांचेच.”

आबा गप्प. मग म्हणाला, “त्याला हाइड म्हणतात.”

“लपलेला फक्त टबच दिसतोय,” मंगेश म्हणाला.

आबाचं म्हणणं असं, की यात पक्ष्याचं काय वाईट झालं? त्याला आयता मासा मिळाला, आपल्याला फोटो. सुजाता कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे ‘आयता’ म्हटलं की तिच्या कपाळावर आठी येते. ती म्हणाली, खंड्या वरून खोली जोखून झेप घेतो. उथळ टबात आपटला तर चोच गेली, आणि चोच गेली की खंड्या संपला. शिवाय आयत्याची सवय लागली की तो तिथेच घुटमळतो, आणि लोकांचा हंगाम संपला की टब रिकामा. “आणि मासे कुठले घातले होते? गप्पी?”

“असतील.”

“वा! म्हणजे महापालिका डासांसाठी गप्पी वाटणार आणि तुम्ही ते खंड्याला घालणार.”

इथे पक्या जागा झाला. पक्या फ्लॅट विकतो. किंगफिशर म्हटल्यावर त्याला एकच गोष्ट आठवते आणि ती थंड असावी लागते, त्यामुळे इतका वेळ तो शांत होता. पण महापालिका हा त्याचा विषय. “अरे, लोक खाडीवरच्या त्या कुरव पक्ष्यांना गाठ्या-शेव घालतात पुलाखाली, त्यांना कुणी काही बोलत नाही. आबालाच का धरता?”

“त्यांनाही बोलते मी,” सुजाता म्हणाली, आणि ते खरं आहे. मागच्या थंडीत होडीतल्या एका कुटुंबाला तिनं असं सुनावलं होतं की बाईंनी गाठ्यांची पिशवी पर्समध्ये लपवली. “तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या तळ्यांवर अंडी घालतो. तिथून एवढा हिमालय ओलांडून येतो तो काय तळलेलं बेसन खायला?”

“आपण नाही का महाबळेश्वरला जाऊन पावभाजी खात?” पक्या.

यावर तिच्याकडेही उत्तर नव्हतं.

मग तिनं आबाच्या हातून मोबाइल घेतला, फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि एकदम हसायलाच लागली. “आबा, हा राजा नाहीये रे. चोच बघ. वरची काळी, खालची नारिंगी. नराची दोन्ही काळी असते. ही मादी आहे.”

“राजानं लिपस्टिक लावलीय,” पक्या.

“आणि हा निळा कुठून आणलास?”

आबा छाती काढून म्हणाला, “नॅचरल आहे.”

“नॅचरलमध्ये त्या पिसात निळं रंगद्रव्यच नसतं. पिसाची घडण अशी असते की उजेडातला निळा तेवढा परत फिरतो. म्हणून सावलीत खंड्या मळकट दिसतो आणि उन्हात पेटतो. तुझा सावलीत आहे आणि तरी पेटलाय.”

“गणपतीच्या मखरातली माळ वाटतेय,” मंगेश म्हणाला. “मासा महापालिकेचा, पाणी टबातलं, निळा सॉफ्टवेअरचा. आबा, यात तुझं काय रे? ओळ तेवढी तुझी, ती पण चुकली.”

खरं तर विषय इथेच संपायचा, पण आबानं जुनं उकरलं. मंगेशनं नेलेली दुर्बीण अजून परत केलेली नाही. मंगेशचं म्हणणं, दुर्बीण दिली होती ती एका काचेत बुरशी असलेली, आणि दुर्बीण काढायचीच असेल तर पाणकोंबडीच्या घरट्याचं पण काढू. ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे. आबानं नाल्याकाठच्या घरट्याचा फोटो टाकला आणि सोबत मॅपवरची जागाही टाकली. पुढच्या रविवारी तिथे साखरपुड्याला जमावी तेवढी मंडळी, फरक एवढाच की सगळ्यांच्या हातात लेन्स. कुणीतरी नीट दिसावं म्हणून गवत कापलं. पाणकोंबडी गेली ती गेलीच, अंडी कावळ्यांनी नेली.

“त्यानंतर मी जागा टाकत नाही,” आबा म्हणाला.

“आता टबाची जागा टाकतोस.”

आबा चिडला. आणि चिडल्यावर तो पहिल्यांदाच बरं बोलला, ते लिहायला हवं. म्हणाला, “तुम्ही इथे बसून एक पक्षी वाचवलायत का? माझा नातू मोबाइलमधून मान वर करत नव्हता. आता गच्चीतून वंचक कोणता आणि गायबगळा कोणता ते सांगतो. आणि खाडीत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात हे जगाला कळलं ते फोटोंनीच ना? 2015 मध्ये अभयारण्य झालं, 2022 मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव गेलं, ते काय कट्ट्यावर चहा पिऊन?”

कुणी काही बोललं नाही. चहावाल्यानं ग्लास उचलले.

“बरोबर आहे,” मंगेश म्हणाला. “1690 हेक्टरचं अभयारण्य तुझ्या दाराशी आहे. मग तुला टब कशाला लागतो?”

मी म्हटलं, तिथे मासा चोचीत येईलच याची खात्री नाही ना. मंगेश म्हणाला तेच तर. नाल्यावरच्या गजावर जो आपला नेहमीचा खंड्या बसतो, तपकिरी डोक्याचा, पांढऱ्या छातीचा, त्याला बघ एकदा नीट. तो आम्ही सगळ्यांनीच पाहिलाय. परवा त्याला एक छोटी चिंबोरी मिळाली होती. गजावर उजवीकडे आपट, डावीकडे आपट, दर आपटीला एकेक नांगी खाली पाण्यात. सगळ्या नांग्या झडल्यावर उरलेला गोळा चोचीत फिरवून फिरवून गिळला आणि मग ते त्याचं खिदळल्यासारखं ओरडणं. मासे तो खातो ते तोंडी लावण्यापुरते. पाली, नाकतोडे, बेडूक यांवर त्याचं पोट. खाली गटार, मागे कुणाचे तरी वाळत घातलेले टॉवेल. असला फोटो आबा काढत नाही, कारण मागे टॉवेल येतात.

“टॉवेल कोण लाइक करणार?” आबा म्हणाला, आणि हे त्यानं अगदी मनापासून विचारलं.

सुजातानं मध्येच जपानचं काढलं. तिथली बुलेट ट्रेन बोगद्यातून बाहेर पडताना बार उडाल्यासारखा आवाज करायची. त्यांचा एक इंजिनिअर पक्षी बघणारा होता, त्यानं गाडीचं नाक खंड्याच्या चोचीसारखं लांब केलं. पाण्यात शिरताना खंड्या फारसं पाणी उडवत नाही ना, ते डोक्यात ठेवून. आवाज कमी झाला, वर विजेचीही बचत झाली.

“आपलीपण येतेच आहे की,” पक्या खुशीत आला. “7 किलोमीटर खाडीखालून. शिळफाट्याचे रेट बघ कुठे गेलेत!”

“जपानला खंड्या गाडीसाठी उपयोगी पडला,” मंगेश म्हणाला. “आपल्याला डीपीसाठी.”

पक्याला रेटवरून आठवलं, की खाडीकडचे फ्लॅट आता फ्लेमिंगो व्ह्यू म्हणून जातात. त्यानं हे आबासमोर बोलायला नको होतं. आबाचा फ्लॅट पक्यानंच विकला होता, ‘बाल्कनीतून खाडी, कायमची’ असं सांगून. आता त्या बाल्कनीतून समोरच्या टॉवरची बाल्कनी दिसते. तो टॉवरही पक्यानंच विकला. आणि त्याला नाव दिलंय पक्ष्याचं.

“मी टबाकडे गेलो कशामुळे?” आबा उसळला. “घरातून दिसत होते मला शेकाटे! भरतीला तिवरांच्या कडेनं एका रांगेत उभे राहायचे!”

“कायमची म्हणजे पझेशनपर्यंत कायमची,” पक्या म्हणाला. “आणि एक सांगू? फ्लेमिंगो तरी का येतात? गटाराच्या पाण्यावर शेवाळ वाढतं म्हणून. आम्ही बिल्डिंगा बांधल्या, सांडपाणी आलं, म्हणून तुमचे पक्षी आले. आभार माना.”

मंगेशनं पक्याकडे बराच वेळ बघितलं. आवाज न चढवता म्हणाला, “शेवाळ वाढलं, खरंय. आमच्या जाळ्यात बोयटं यायची, कोळंबी यायची, ती गेली. निवटीला आता रॉकेलचा वास येतो म्हणून गिऱ्हाईक घेत नाही. रोहित मोजायला माणसं येतात, बोयटं कुणी मोजली?” मग आबाकडे वळला. “तू पक्ष्याचा फोटो काढतोस ना, तो ज्या चिखलात उभा आहे त्याचा काढ. चिखल आहे म्हणून शेवाळ, किडे, निवट्या, आणि ते आहेत म्हणून तुतवार, शेकाट्या, रोहित. चिखलावर डेब्रिजचा डंपर रिकामा झाला की फोटो संपला. नेरूळच्या तळ्याचं काय झालं? पक्ष्याला हात कुणी लावला नाही. भरतीचं पाणी आत यायची वाट तेवढी बंद झाली.”

सुजाता नुसतीच मान हलवत होती. 2024 च्या उन्हाळ्यात ती तिथे जाऊन आली होती. मेलेले रोहित पाहिल्यावर तिनं ग्रुपवर एक अक्षर टाकलं नव्हतं, आणि त्यावरूनही तेव्हा आबा रुसला होता, फोटो का नाही काढलेस म्हणून.

“चिखलाचा फोटो,” आबा पुटपुटला. कल्पना त्याला आवडली होती, हे लपत नव्हतं. लगेच ॲप उघडलं. “रविवारी सूर्योदय सहा चौतीस. गोल्डन आवर—”

“सूर्योदय काय करायचाय? ओहोटी कधी आहे ते बघ.”

“ते कुठे असतं?”

आता मात्र मंगेशनं कपाळाला हात लावला. इतकी वर्षं हा माणूस खाडीवर लेन्स घेऊन जातोय, आणि पाणी कधी चढतं कधी उतरतं हे त्याला ॲप सांगत नाही म्हणून माहीत नाही! तिथीवर मोजायचं असतं, मंगेश बोटं दुमडत सांगू लागला. अवस-पुनवेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, रोज पाऊण-एक तास पुढे. उधाणाच्या दिवसांत ओहोटीला पाणी लांब ओसरतं, तेव्हा चिखल खरा उघडा पडतो. आबानं विचारलं याचं विजेट मिळेल का.

शेवटी ठरलं, की रविवारी मिठबंदरावर जायचं, वेळ मंगेश सांगेल ती. आबा ट्रायपॉड आणणार नाही (आणेल). सुजाता टबाबद्दल एक शब्द काढणार नाही (काढेल). दुर्बीण मंगेश आणतो म्हणाला, पण परत द्यायला की बघायला, ते काही त्यानं स्पष्ट केलं नाही.

“मीपण येतो,” पक्या म्हणाला.

आम्ही सगळे त्याच्याकडे बघायला लागलो.

“दोन पार्ट्या आहेत. त्यांना व्ह्यू दाखवून होईल.”

“भर ओहोटीलाच आण,” मंगेश म्हणाला. “वासासकट दाखव.”

आबा एवढा हसला की लेन्सची बॅग मांडीवरून घसरली, आणि ती धरायला धावला तो पक्याच. बॅग हातात देत गंभीरपणे म्हणाला, “वासाचे वेगळे लागतील. सी ब्रीझ म्हणून लावीन.”