गिअर ऑइल आयुष्यभर पुरत नाही

जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये सध्या एक मजकूर फार फिरतो आहे. त्याचा आशय असा की गिअरबॉक्स आणि डिफरेन्शिअल (इंजिनाची ताकद दोन चाकांना वाटून देणारी गिअरची जुळणी) यांमधले ऑइल इंजिन ऑइलसारखे जळत नाही, म्हणून ते आयुष्यभर पुरते; जुन्या गाडीत ते बदलले की टाकलेले गिअर आपोआप सुटू लागतात, तेव्हा कमी झाले तर फक्त वरून भर घालावी; बदलायचेच असेल तर दोन्हीकडे जीएल-५ या प्रकारचे गिअर ऑइल घालावे, कारण ते जीएल-४ पेक्षा वरच्या दर्जाचे असते; आणि आवाज येत असेल तर १४० नंबरचे जाड ऑइल भरावे. हा सल्ला मानून लोक आपल्या चांगल्या गाड्यांचे नुकसान करून घेत आहेत, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासणे मला आवश्यक वाटते.

गिअर ऑइल जळत नाही, हे खरे आहे. त्यात काजळी मिसळत नाही, पेट्रोल उतरत नाही. पण त्यावरून ते आयुष्यभर पुरते असा निष्कर्ष निघत नाही, कारण इंजिनाला ऑइल फिल्टर असतो आणि या गाड्यांच्या साध्या गिअरबॉक्सला व डिफरेन्शिअलला तो नसतो. दात आणि बेअरिंगे झिजून जो लोखंडाचा कीस निघतो आणि सिंक्रोनायझरच्या (गिअर टाकताना फिरत्या भागांचे वेग जुळवणाऱ्या यंत्रणेच्या) पितळी रिंगांची जी भुकटी पडते, ती सगळी त्याच ऑइलात फिरत राहते आणि पुन्हा त्याच बेअरिंगांमधून जाते. शिवाय दातांचे रक्षण करणारी रसायने वापरात हळूहळू खर्ची पडतात. वरून भर घातल्याने पातळी सुधारते, मात्र कीस आत आहे तिथेच राहतो.

आपल्याकडे याहून मोठे कारण पाण्याचे आहे, आणि त्या मजकुरात त्याचा उल्लेखही नाही. डिफरेन्शिअलच्या हाउसिंगला आतली गरम हवा बाहेर सोडण्यासाठी एक छोटा ब्रीदर असतो. तासभर चालून तापलेली गाडी ओढ्याच्या किंवा तुंबलेल्या रस्त्याच्या पाण्यात उतरली की हाउसिंग एकदम थंड होते, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा जुन्या ऑइल सीलच्या (ऑइल गळू न देणाऱ्या रबरी कड्याच्या) कडेने पाणी आत ओढले जाते. ते बाहेरून कळत नाही. ऑइल काढण्याचा खालचा नट उघडल्यावर दुधाळ कॉफीसारखे ऑइल बाहेर येते तेव्हाच कळते. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये जशा गाड्या बुडाल्या, तशी बुडालेली गाडी सुरू झाली म्हणजे सुटलो असे मानणे चुकीचे आहे, कारण पाणी मिसळलेल्या ऑइलात क्राऊन-पिनियनची (डिफरेन्शिअलमधल्या मोठ्या व छोट्या गिअरच्या जोडीची) बेअरिंगे गंजतात. अशा गाडीचे दोन्ही ठिकाणचे ऑइल किलोमीटर न मोजता लगेच बदलायला हवे.

ऑइल बदलल्यावर गिअर सुटतात, ही भीती मुळात ऑटोमॅटिक गाड्यांविषयीच्या चर्चेतून आली असावी. तिथे क्लच-प्लेटांची पकड त्या ऑइलावरही अवलंबून असते, म्हणून निदान चर्चेला जागा आहे. हाताने टाकायच्या गिअरबॉक्समध्ये गिअर जागेवर धरून ठेवण्याचे काम ऑइल करत नाही. ते स्प्रिंगने दाबलेली गोळी आणि गिअर जोडणाऱ्या सरकत्या स्लीव्हचे दात करतात. ते झिजले असतील तर गिअर जुन्या ऑइलातही सुटेल आणि नव्यातही. ऑइल बदलल्यानंतर गळती सुरू झाल्याचा अनुभव मात्र काहींना खरोखर येतो. बहुतेक वेळा कडक झालेल्या सीलच्या फटीत जुना गाळ बसलेला असतो, तो निघून जातो आणि आधीचा दोष उघडा पडतो. त्यावर उपाय नवे सील घालणे हा आहे, घाण ऑइल तसेच ठेवणे हा नाही.

सर्वांत घातक मला जीएल-५ चा मुद्दा वाटतो. जीएल-४ आणि जीएल-५ या परीक्षेतल्या श्रेणी नाहीत, ती दोन वेगवेगळी कामे आहेत. पद्मिनी, ओम्नी, सुमो, बोलेरो अशा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या डिफरेन्शिअलमध्ये हायपॉइड गिअर असतात. त्यांत पिनियनचा अक्ष क्राऊन व्हीलच्या अक्षाला छेदत नाही, बाजूला सरकलेला असतो, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, जोराने घासत सरकतात. त्या घासण्यात ऑइलाचा थर पिळून निघतो आणि उरलेले रक्षण गंधक-फॉस्फरसयुक्त रसायनांनी पोलादावर तयार केलेला पातळ लेप करतो. जीएल-५ मध्ये या रसायनांचे प्रमाण जीएल-४ च्या साधारण दुप्पट असते. गिअर ऑइलाचा जो उग्र, हाताला दिवसभर चिकटून राहणारा वास येतो, तो याच गंधकाचा.

गिअरबॉक्समध्ये गरज नेमकी उलटी असते. गिअर टाकताना पितळी रिंग पोलादी शंकूला क्षणभर घट्ट धरते आणि दोन्हींचा वेग सारखा करते. ऑइल फार निसरडे असेल तर ही पकड उशिरा लागते आणि गिअर करकरतो. त्यातच जीएल-५ मधले सक्रिय गंधक पितळ खाऊ लागते. हल्लीच्या काही जीएल-५ ऑइलांत हा दोष बराच कमी केलेला असला, तरी पकडीचा प्रश्न उरतोच. उलटी चूकही तितकीच महागात पडते, कारण हायपॉइड डिफरेन्शिअलमध्ये नुसते जीएल-४ घातले तर दातांवर ओरखडे पडतात आणि क्राऊन-पिनियनचा जोड बदलावा लागतो. मारुती ८०० मध्ये मात्र गिअरबॉक्स आणि डिफरेन्शिअल एकाच खोक्यात असून दोघांना एकच ऑइल पुरते, कारण तिथे हायपॉइड गिअर नाहीतच, तिरप्या दातांचे साधे गिअर आहेत. म्हणून शेजाऱ्याच्या ८०० चा अनुभव ओम्नीला लावू नये. गाडीच्या पुस्तिकेत दोन्ही ठिकाणांसाठी जे लिहिले आहे तेच घालावे.

आता १४० नंबरविषयी. माझी ओम्नी मी नाशिकमध्ये जुनी घेतली, तेव्हा दुपारी दाखवताना तिचे गिअर लोण्यासारखे पडत होते. डिसेंबरच्या पहिल्या थंड सकाळी दुसरा गिअर पडेचना. खाली ट्रे ठेवून नट काढला, तर ऑइल काकवीसारखे सावकाश, तार धरून उतरले. ट्रे उन्हात कलता केल्यावर त्यात सोनेरी कण चमकत होते. ती रिंगांची पितळ होती. ऑइलाच्या जाडीने झिजलेल्या गिअरबॉक्सचा आवाज दबला होता आणि त्या जाडीशी झगडताना रिंगा आणखी झिजल्या होत्या. जाड ऑइल थंडीत लहान बेअरिंगांपर्यंत वेळेवर पोहोचतही नाही. ट्रक आणि ट्रॅक्टरच्या भारी डिफरेन्शिअलला १४० योग्य असू शकते, हे मान्य. पण ९० हा नंबरही इंजिन ऑइलापेक्षा मोठा दिसतो म्हणून घाबरू नये: गिअर ऑइलाचे मोजमाप वेगळे आहे आणि ९० नंबरचे गिअर ऑइल तापल्यावर साधारण ४० ते ५० नंबरच्या इंजिन ऑइलाइतकेच जाड असते.

स्वतः बदलणाऱ्यांनी एक क्रम पाळावा. दहा-पंधरा किलोमीटर चालवून ऑइल कोमट करावे, गाडी चारही बाजूंनी समतल आणि भक्कम टेकवावी, आणि खालच्या ड्रेन नटाआधी वरचा फिलर नट उघडून पाहावा. तो वर्षानुवर्षे अडकलेला असला आणि खालचा आधी काढला, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन गाडी जागेवर बसते. नवे ऑइल फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेशी येऊन थेंब थेंब सांडू लागले की थांबावे. जास्त भरलेले ऑइल मागच्या ॲक्सलच्या सीलमधून ब्रेक शूवर उतरते. नटाला चुंबक असेल तर त्यावरचा मऊ करडा लेप नेहमीचा आहे, दाताचा तुकडा किंवा टोचणारी कपची मात्र नाही. काढलेले ऑइल गटारात न ओतता बंद डब्यात गॅरेजच्या जुन्या ऑइलाच्या पिंपात द्यावे. आधीच्या मालकाने काय भरले होते ते ठाऊक नसेल, तर हजारभर किलोमीटरनंतर ते पुन्हा एकदा काढून उन्हात पाहावे. माझ्या ओम्नीत दुसऱ्या वेळी सोनेरी कण जवळजवळ दिसले नाहीत, आणि दुसरा गिअर पुढच्या डिसेंबरात पहिल्या प्रयत्नात पडला.