दोन टनांचा लोडर आणि साडेचार फुटांचं बेडं

पावसाळा तोंडावर आला की आमच्या दापोली-गुहागर पट्ट्यात दोन गोष्टी हमखास फिरतात: वादळाचे खरे-खोटे इशारे आणि मशीनचे सौदे. यंदा दुसऱ्या प्रकारातला एक मेसेज मला एकट्याला सात जणांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: "जेसीबीचा जमाना गेला. पडझडीच्या कामाला छोटा लोडर घ्या. दोन टन सहज उचलतो. कुठल्याही बागेत शिरतो, जागच्या जागी फिरतो. झाड ढकलून पाडतो, बुंधा दळून टाकतो, माणसं लागत नाहीत. ट्रॅकवाला घेतलात तर जमिनीवर ओरखडासुद्धा नाही. जेवढे एचपी जास्त तेवढं काम जास्त. एका पावसाळ्यात पैसे वसूल."

छोट्या लोडरशी माझं वैर नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं, त्यात आमचं आगर, म्हणजे नारळी-पोफळीची बाग, आडवं झालं. आधी आपली झाडं काढली, मग शेजाऱ्यांची, मग तोच धंदा झाला. आज माझं पोट अशाच एका मशीनवर चालतं. म्हणूनच हा मेसेज वाचून कोणी कर्ज काढू नये असं वाटतं.

पहिलं ते दोन टनांचं. आपल्याकडे ज्याला सरसकट बॉबकॅट म्हणतात (कंपनी कुठलीही असो, जसा बॅकहो म्हणजे जेसीबी), त्यातल्या लहान मशीनचं स्वतःचंच वजन सव्वादोन-अडीच टन असतं. ते दोन टन उचलेल कसं? पत्रकात दोन आकडे असतात. एक टिपिंग लोड, म्हणजे ज्या वजनाला मशीन मागून उचललं जाऊन तोंडावर येतं तो. दुसरा कामाचा भार. चाकांच्या लोडरला कामाचा भार टिपिंग लोडच्या निम्मा धरतात. लहान मशीनला तो सहाशे किलोंच्या आसपास येतो. विकणारा मोठा आकडा मोठ्याने सांगतो, लहान आकडा तुम्ही विचाराल तेव्हा.

आणि हे सहाशे किलो बकेट लावून मोजलेले असतात. ओंडक्यांना बकेट कामाची नाही, पकड लागते, ग्रॅपल. तो बकेटपेक्षा जड, आणि जेवढा जड तेवढं वजन तुमच्या सहाशेतून वजा. शिवाय ओंडका बकेटमधल्या मातीसारखा मशीनला चिकटून बसत नाही, पुढे लोंबतो. भार जितका पुढे, तितकं मशीन लवकर डोलतं.

हिशोब करून बघा. ओलं आंब्याचं लाकूड मी घनमीटरला नऊशे ते हजार किलो धरतो. दोन फूट व्यासाचं, दोन मीटर लांबीचं खोड म्हणजे अर्ध्या घनमीटरच्या थोडं वर. झाले सव्वापाचशे ते पाचशे ऐंशी किलो. म्हणजे एका मध्यम कलमाचा एक तुकडा, आणि मशीन हद्दीवर. तोच तुकडा दीड मीटरचा केला की चारशेच्या घरात येतो आणि ऑपरेटर निवांत बसतो. पण वखारवाला आखूड तुकड्याला भाव पाडून मागतो. म्हणून करवत लावायच्या आधी वखारीत फोन करायचा, किती लांबीचं घेणार ते विचारायचं आणि मग मशीनचा आकडा बघायचा. माडाचं बरं असतं. फूटभर जाडीचं खोड मीटरला सत्तर किलोंच्या आसपास भरतं, तीन-चार मीटरचा तुकडा हसत उचलला जातो. दोन टनांच्या गप्पा माडाच्या तुकड्यांवरच सुचल्या असाव्यात.

आता "कुठल्याही बागेत शिरतो". इथे मेसेज निम्मा खरा आहे. जेसीबी रुंदीला सात फुटांच्या वर, छोटा लोडर पाचच्या आसपास. पोफळींची शिफारस केलेली लागवड २.७ मीटरवर, म्हणजे नऊ फुटांवर, आणि आमच्या आज्या-पणज्यांनी लावलेल्या आगरात त्याहून दाट. जेसीबी तिथे शिरला तर सरळ जाईल, पण हात हलवायला जागा नाही. लोडर आरामात जातो. पण तो फिरत नाही. बकेट धरून मशीनची लांबी दहा फुटांच्या पुढे. नऊ फुटांच्या चौकटीत दहा फुटांचं धूड गरकन फिरवायला गेलात तर चारही कोपऱ्यांना एकेक पोफळ घेऊन येईल. मी स्वतः पहिल्या वर्षी दोन मोडल्या. आगराच्या मालकीणबाई पडवीत उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत, नुसता चहा आत परत नेला.

तेव्हापासून नियम असा: सरळ आत, सरळ मागे. ओंडका आडवा धरून आणायचा तर तो दोन मीटरच्या आतच हवा, नाहीतर दोन्ही बाजूंच्या खोडांची साल निघते. म्हणजे वजनाने जी लांबी ठरवली तीच रुंदीनेही ठरवली. शिवाय पोफळीची मुळं उथळ असतात. एकाच पट्ट्यावरून वीस फेऱ्या मारल्या की माती दगडासारखी दाबली जाते, त्याचा राग ती लगेच दाखवत नाहीत. पाटावरून, ठिबकच्या नळ्यांवरून जाण्याचं तर बोलूच नका. मी आता फाडलेल्या माडाच्या फळ्या अंथरतो. पडलेलाच माड, पडलेल्या माडाची वाट.

"झाड ढकलून पाडतो" हे वाचून मात्र अंगावर काटा आला. माड साठ फूट उंच. लोडरचा हात लावणार फार तर दहा फुटांवर. त्या उंचीवरून ढकलून माड पडत नाही, झुलतो. आणि झुलला की शेंड्यावरचं सगळं, नारळ, झावळ्या, कुजका गाभा, सरळ केबिनवर. केबिनचं छप्पर वरून पडणाऱ्या वस्तू अडवायला बनवलेलं असतं हे खरं, पण बाजूला दोर धरून उभ्या असलेल्या गड्याच्या डोक्यावर छप्पर नसतं.

वादळानंतरची झाडं तर उभ्या झाडांपेक्षा वाईट. अर्धवट उपटून कललेल्या फणसाचं खोड कापलं की मुळांचा गड्डा, त्यावरची क्विंटलभर माती घेऊन, झटक्यात परत खड्ड्यात बसतो. २०२० मध्ये आमच्या डोळ्यांसमोर असा एक गड्डा परत बसला. त्या खड्ड्यात दोन मिनिटांपूर्वी एक पोरगा पहार शोधत होता. तेव्हापासून खड्ड्याकडे कोणी जायचं नाही, आणि गड्डा आधी मागून लोडरने किंवा तिरफ्याने (तारेच्या दोराने ओढायचं हातयंत्र) धरून ठेवायचा, मग चेनसॉ. पाडायचं काम करवतीचं, दोराचं आणि वर चढणाऱ्या माणसाचं. लोडर हा हमाल आहे. त्याला हमालच राहू द्या. माणसं तर लागतातच, फक्त त्यांच्या पाठी वाचतात.

आणि हो, आपल्या जागेतलं झाड आहे म्हणून कुणाला विचारायला नको, हेही त्याच मेसेजच्या खाली कुणीतरी जोडलं होतं. आंबा आणि फणस १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत. उभं झाड काढायचं तर परवानगी लागते, गावात शिरस्ता काहीही असो.

आता ट्रॅकवाल्याबद्दल, म्हणजे चाकांऐवजी रबरी पट्ट्यांवर चालणाऱ्या लोडरबद्दल. चिखलात तो खरंच कमी रुततो, कारण वजन मोठ्या पृष्ठभागावर पसरतं. पण वळतो तो चाकवाल्यासारखाच, घासत. ओल्या लाल मातीवर एका वळणात वरचा थर सोललेला दिसतो. जांभ्याच्या कातळावर उलटं होतं, तिथे रबरी ट्रॅकच सोलून निघतो, आणि तो बदलायचा खर्च मेसेजमध्ये नाही. आणखी एक मेख: ट्रॅकच्या मशीनला कामाचा भार टिपिंग लोडच्या पस्तीस टक्के धरतात, चाकवाल्याला पन्नास. दोन पत्रकं शेजारी ठेवून तुलना केलीत तर तुम्ही दोन वेगळ्या गजांनी मोजताय. अंगणातल्या चिऱ्यांच्या फरशीला जपायचं असेल तर मधोमध वाकून वळणारा लोडर असतो, तो घासत नाही. आपल्याकडे मात्र तो क्वचितच दिसतो.

आमच्याकडे उतार फार, म्हणून एवढं सांगतो. वजनाची बाजू नेहमी चढाकडे. रिकाम्या मशीनचं वजन मागे, इंजिनाकडे. म्हणून रिकामं चढवायचं ते पाठमोरं. ओंडका धरला की वजन पुढे. मग चढताना तोंडाने, उतरताना मागे. आणि ओंडका गुडघ्याच्या उंचीवर. छातीच्या वर धरून उतरणारा ऑपरेटर दिसला की मी काम थांबवतो.

एचपीचं लवकर आटोपतो. ओंडके वाहायला जास्तीचे एचपी नकोत. ते लागतात बुंधा दळायचा ग्राइंडर किंवा फांद्यांचा चुरा करणारं यंत्र चालवायला, आणि तिथेही खरा प्रश्न तेलाचा असतो: मिनिटाला किती लिटर हायड्रॉलिक तेल जोडणीला मिळतं. साध्या प्रवाहाच्या, म्हणजे कमी तेल देणाऱ्या मशीनला मोठा ग्राइंडर जोडलात तर तो फिरेल, पण दळणार नाही. त्यात आमची माती दगडगोट्यांची. ग्राइंडरचे दात जांभ्याच्या खड्यांवर काय टिकतात ते आधी भाड्याने आणून बघा.

बुंध्यासाठी मी अजूनही जेसीबीच बोलावतो. माडाला सोटमूळ नसतं, भोवतीने मागच्या बकेटने खणलं की गड्डा अख्खा निघतो. तो काढायलाच हवा, कारण कुजणारं माडाचं खोड म्हणजे गेंड्या भुंग्याचं पाळणाघर, आणि पिल्लावळ तयार झाली की तुमच्या उरलेल्या माडांवर. शिवाय जेसीबी स्वतःच्या चाकांवर डांबरी रस्त्याने येतो. छोटा लोडर ताशी दहा-बारा किलोमीटरने चालणार, म्हणजे गावाबाहेर ट्रक आलाच. पिकअपमध्ये तो बसत नाही, वजनाने.

पैसे एका पावसाळ्यात वसूल झाले असते तर मी हे लिहीत बसलो नसतो. जुनं घेणार असाल तर सांध्यांतल्या पिना-बुश हलतात का, जोडणीतून तेल गळतं का आणि पुढचं हायड्रॉलिक खरंच चालतं का, हे ओंडका उचलूनच बघा. रंग बघू नका.

मेसेज पाठवणाऱ्यांपैकी एक आमचा आतेभाऊ. हे सगळं ऐकून म्हणाला, "दादा, ते असू दे, मी कुठलं घेऊ ते सांग." म्हटलं, आधी तुझ्या आगराचं बेडं, गडग्यातली आत शिरायची वाट, मोज. संध्याकाळी फोन आला: साडेचार फूट. मेसेजमधल्या फोटोतलं मशीन पाच फुटांचं. आता गडग्याचे चिरे काढायला हवेत, आणि गडगा चुलत्यांच्या सामाईकात.