स्टँडवर महिला रिक्षाचालक आल्यास घ्यावयाची दक्षता

शीला डावरे यांनी पुण्यात रिक्षा चालवायला सुरुवात केली ती १९८८ साली. तरीही रिक्षात पुढच्या सीटवर बसलेली बाई जगात प्रथमच दिसत आहे, असा चेहरा करणे हे स्टँडवरच्या जुन्या चालकाचे, म्हणजे तुमचे, पहिले कर्तव्य आहे. राज्य सरकारने २०१६ मध्ये रिक्षा परवान्यांत महिलांसाठी पाच टक्के आरक्षण ठेवले, हा पुरुषांवरचा घोर अन्याय म्हणून सांगत जावे. उरलेले ९५ टक्के कोणाकडे आहेत, असे कोणी विचारलेच, तर तातडीने सीएनजीच्या रांगेचा विषय काढावा.

तिच्याशी भांडू मात्र नये, कारण भांडलात तर ती तक्रार करील. आदराने वागल्यास तीच कामे बिनबोभाट होतात. 'ताई, उन्हात कशाला उभ्या राहता, तिकडे झाडाखाली लावा,' असे म्हणून तिची रिक्षा अलगद रांगेबाहेर काढावी. लांबचे भाडे आले की 'तो रस्ता तुमच्यासाठी बरा नाही, ताई,' असे काळजीच्या सुरात सांगून ते स्वतः घ्यावे आणि स्टेशनपर्यंतचे शेअरचे प्रवासी मोठ्या मनाने तिच्याकडे पाठवावेत. संध्याकाळी तिचा गल्ला कमी भरला, म्हणजे बायकांना हा धंदा जमत नाही हे तुमचे मत पुराव्यानिशी सिद्ध होते.

स्टँडजवळ शौचालय नाही, अशी तक्रार तुम्ही आजवर केलेली नाही, कारण मागची भिंत तुमच्या सेवेस आहे. तिने तो प्रश्न भर मे महिन्यात दुपारपर्यंत पाण्याची बाटली न उघडता सोडवला आहे, तेव्हा त्यात लक्ष घालू नये. दुपारी ती घरी गेली, की 'यांचा अर्धाच दिवस असतो' एवढे मात्र न चुकता म्हणावे.

गुलाबी ई-रिक्षा योजनेत २० टक्के अनुदान, १० टक्के पदरचे पैसे आणि ७० टक्के बँकेचे कर्ज असते. तुम्ही 'फुकट मिळाली' असेच म्हणत राहावे. हप्ता तुम्हाला थोडाच भरायचा आहे!

इतके करूनही स्त्रीशक्तीवरचा विश्वास शिल्लक राहिला, तर पत्नीच्या नावाने महिला परवाना काढावा. ही रिक्षा महिलेनेच चालवावी, ही अट तिला नीट वाचून दाखवावी आणि किल्ली खिशात टाकून धंद्याला निघावे. वाटेत आरटीओच्या पथकाने अडवल्यास, आमच्या मंडळी आत्ताच भाजी घ्यायला उतरल्या आहेत, असे सांगावे.